स्वतःच्या पायांनी जिना चढणारे वजन

मनुष्यजातीने आजवर जे जे शोध लावले, ते कोणत्या ना कोणत्या माणसाला टाळण्यासाठी लावले, असे माझे नम्र आणि अनुभवाने बनलेले मत आहे. छतावरचा पंखा वारा घालणाऱ्याला टाळण्यासाठी निघाला. दारावरची घंटा हाका मारणाऱ्याला टाळण्यासाठी निघाली. (दारात आलेल्यालाच टाळता यावे म्हणून पुढे दाराला भिंग बसवले गेले.) मोबाइलमधला नकाशा तर निव्वळ नाक्यावरच्या त्या गृहस्थाला टाळण्यासाठी आहे, जो आपल्याला कुठे जायचे आहे हे ऐकण्याआधीच 'स्ट्रेट जा' म्हणून हात दाखवतो. शोध लावणाऱ्याचे नाव पुस्तकात छापतात. ज्याच्यामुळे शोध लावावा लागला, त्याचे नाव कोणी छापत नाही. ही उणीव माझ्यापुरती भरून काढावी म्हणून हे लिहीत आहे. वायरची रिळे अडकवण्याचा जो सुटा होणारा, खाचेत खाच बसणारा, पिशवीत घालून कुठेही नेता येणारा स्टँड हल्ली बेंगळूरच्या बांधकामांवर दिसतो, तो मला टाळण्यासाठी शोधला गेला.

माझे नाव रत्नाकर. माझी पत्नी कावेरी. तिचे थोरले भाऊ नरसिंहराव यांची येलहंक्यात इलेक्ट्रिकल कंत्राटांची फर्म आहे. हे घराणे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि परत जायचे राहून गेले. घरात मराठी बोलतात, रागावले की कन्नड बोलतात आणि बिल करताना इंग्रजी. (या तिन्ही भाषांत मला उद्देशून जे बोलले जाते ते 'बसा' या एका शब्दात मावते.)

फर्ममध्ये येण्यापूर्वी मी स्वतंत्र व्यवसाय करत असे. आधी कॅसेटचे दुकान होते, मग टायपिंगचा क्लास, मग टेलिफोनचे बूथ. मी धंदा सुरू केला की थोड्याच काळात जगाला त्या धंद्याची गरज उरत नसे. काही लोक याला अपयश म्हणतात. मी दूरदृष्टी म्हणतो. कोणता धंदा बुडणार हे मला अचूक समजे, फक्त आत शिरल्यावर समजे.

शेवटी सासूबाईंनी, म्हणजे अंबुबाईंनी, मुलाला बोलावून आदेश दिला, "जावयाला काम दे. पण त्यांना उभं करायचं नाही, ओझं उचलायला लावायचं नाही आणि उन्हात पाठवायचं नाही."

इलेक्ट्रिकल कंत्राटाच्या धंद्यात या तिन्ही अटींत बसणारे काम एकच निघाले, आणि ते मला मिळाले.

त्या कामाचे स्वरूप असे. नव्या इमारतीत भिंतींच्या आत पाइप टाकलेले असतात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्या पाइपांमधून वायर ओढतात. लाल, पिवळी, निळी, काळी, हिरवी अशी पाच रिळे एका सळईत ओवलेली असतात. ती सळई कोणीतरी धरून बसावी लागते, नाहीतर रिळे लोळतात, वायरला पीळ पडतो आणि पाइपात गुंता होतो. ते कोणीतरी म्हणजे मी. रंगाच्या उपड्या बादलीवर बसायचे, सळई मांडीवर आडवी धरायची आणि पलीकडच्या खोलीतून गुरुराज मिस्त्री ओढू लागला की रिळांना फिरू द्यायचे. फिरू देण्यात कसले आले कौशल्य, असे काही जण विचारतात. त्यांनी आपल्या घरातली माणसे आठवावीत आणि त्यांतले किती जण दुसऱ्याला सुखाने फिरू देतात ते पाहावे.

कामगार मला 'भावा' म्हणत. कन्नडात बहिणीच्या नवऱ्याला भावा म्हणतात. सर्जापूर रोडच्या साइटवर बिल्डरने नेमलेला अभिजीत नावाचा पुण्याचा इंजिनियर होता, तो हे ऐकून मला भावा म्हणू लागला. पण तो चहावाल्यालाही भावा म्हणे आणि बंद पडलेल्या लिफ्टलाही. त्यामुळे मी एकाच शब्दात मालकाचा मेहुणा आणि साऱ्या जगाचा भाऊ झालो. एवढ्या कमी श्रमांत एवढा आप्तपरिवार फार थोड्यांना लाभतो.

त्याच साइटवर ती घटना घडली. चौदा मजली इमारत. मी सहाव्या मजल्यावर, जिन्याजवळ, जेवणानंतर डोळे मिटून रिळांच्या आवाजाकडे लक्ष देत होतो. सळई कशी निसटली हे सांगता येणार नाही. रिळे जिन्याकडे गेली. तळमजल्यावर नरसिंहराव बिल्डरला आपल्या फर्मची शिस्त समजावून सांगत होते. त्यांच्या पायाशी आधी लाल रीळ आले, मग काळे, मग निळे. हिरवे बिल्डरच्या गाडीखाली गेले. पिवळे आलेच नाही. ते तिसऱ्या मजल्यावर एका जोडप्याला नवा फ्लॅट दाखवणे चालले होते, तिथे शिरले. (त्या जोडप्याने फ्लॅट घेतला. या गोष्टीचा उल्लेख नंतर कोणी केला नाही.) माझ्या दृष्टीने वायरचा पुरवठा क्षणभरही खंडित झाला नव्हता.

नरसिंहराव सहा मजले चढून वर आले. चेहरा लाल, श्वास वर.

"भावजी, लागलं नाही ना कुठं?"

"नाही."

"सरी, बरं झालं," ते म्हणाले, आणि गुरुराजकडे वळून त्याला कन्नडात असे काही बोलले, की त्यातला शब्दन् शब्द वास्तविक माझ्या मालकीचा होता. गुरुराज निमूटपणे ऐकत राहिला. जावयाला रागवायचे नसते हे त्यालाही ठाऊक होते.

त्याच संध्याकाळी नरसिंहरावांनी आपल्या मुलीला, हर्षिताला, समोर बसवले. हर्षिता वस्तूंचे डिझाइन शिकलेली. सर्जापूर रोडवरच्याच एका कंपनीत ती बरी नोकरी करत होती, परंतु कंपनीला नुकताच तिला टाळण्याचा शोध लागला होता. तो शोध संगणकात राहत होता, जेवत नव्हता आणि सुटी मागत नव्हता. हर्षिता दिवसभर घरी असे आणि विचारले तर 'ब्रेकवर आहे' म्हणे.

"रीळ धरायला स्टँड पाहिजे," नरसिंहराव म्हणाले. "हलका. सुटा होऊन पिशवीत बसला पाहिजे. खिळे नकोत, स्क्रू नकोत, साइटवर हरवतात. नुसती खाचेत खाच."

"आणखी?"

नरसिंहरावांनी माझ्याकडे न पाहता सांगितले, "झोपला नाही पाहिजे."

हर्षिताच्या शास्त्रात नवी वस्तू बनवण्याआधी बाजारात तिच्या जागी जी वस्तू चालू आहे, तिचा बारकाईने अभ्यास करतात. चालू वस्तू मी होतो. तिने मला दिवाणखान्यात बादलीवर बसवले, हातात सळई दिली आणि टेपने मोजले. जमिनीपासून मांडीची उंची. दोन गुडघ्यांतले अंतर. पाठीचा कल, जेवणापूर्वीचा आणि जेवणानंतरचा. मी संपूर्ण सहकार्य केले. इतक्या मायेने आजवर माझे माप शिंप्यानेही घेतले नव्हते.

पहिला नमुना त्या मापांवरून झाला. प्लायवूडचे दोन पाय, वर सळई. दिवाणखान्यात उभा केला होता, अंबुबाई आतून आल्या, त्यांना स्वल्प कमी दिसते, त्यांनी पदर सारखा केला आणि "कधी आलात? बसा," असे त्याला म्हणाल्या. नमुना माझ्याशी एवढा तंतोतंत जुळला होता, की दुपारनंतर तो डावीकडे कलू लागला आणि चारच्या चहापूर्वी आडवा झाला. तो बाद करण्यात आला.

दुसऱ्या नमुन्याच्या खाचा आनेकलच्या एका वर्कशॉपमध्ये यंत्रावर कापून घेतल्या. त्या एकमेकींत अशा बसल्या, की सुटेनात. गुरुराजने ओढले, अभिजीतने ओढले, शेवटी दोघांनी दोन बाजूंनी ओढले आणि स्टँडसकट दोघे वळसा घालून जागेवर आले. तो नमुना टेम्पोतून जसाच्या तसा येलहंक्याला परत आणला. कपाट जितपत कुठेही नेता येते, तितपत तोही नेता येत होता. सध्या त्यावर अंबुबाईंच्या तुळशीची कुंडी आहे.

तिसरा मात्र साधला. दोन बाजूंना दोन पाट्या, त्यांना जोडणाऱ्या दोन पट्ट्या, वर सळईसाठी खोलगट खाच. हाताने दाबले की पक्का, उलट्या बाजूने टिचकी मारली की सुटा. दोन स्टँड शेजारी ठेवले तर तेही एकमेकांत अडकत, आणि मग दहा रिळे एका ओळीत फिरत. नरसिंहराव तो जोडत आणि सोडत अर्धा तास बसले होते. अर्धा तास काहीही न करता बसलेले मी त्यांना प्रथमच पाहत होतो. जमत होते त्यांना.

त्या दिवशी कावेरी भावाशी भांडली. मी बाल्कनीत कॉफी घेत होतो, दार लोटलेले होते.

"अण्णा, माझ्या नवऱ्याला घालवायला एवढं प्लायवूड आणलंस? तोंडानं सांगायचं होतंस."

"तोंडानं कसं सांगू? जावई आहेत ते."

"मग मी सांगते."

"सांग. तू सांगितलंस की ते ऐकतील. ऐकलं की घरी बसतील. मग दिवसभर तुझ्या समोर बसतील. मग तू रोज सकाळी मला फोन करशील."

नरसिंहरावांच्या युक्तिवादात मला एकही खोट सापडली नाही. कावेरी बाहेर आली, माझ्या हातातला पेला घेतला, रिकामा आहे का ते पाहिले, आणि तो भरून आणून दिला. साखर दुप्पट होती. ती गोड बोलायचे नसले की साखर घालते.

दुसऱ्या दिवशी हर्षिता आणि मी आनेकलच्या वर्कशॉपमध्ये होतो. ती पाट्यांच्या कडा कानशीने घासत होती. मधेच थांबली.

"आतोबा, तुम्हाला कळतंय ना मी हे काय बनवतेय?"

"कळतंय की."

"राग येत नाही?"

"राग यायला उभं राहावं लागतं. मी बसलेला असतो."

ती हसली नाही. कानस खाली ठेवून म्हणाली, "कंपनीनं माझ्या जागी जे आणलं ना, त्याला काम मीच शिकवलं होतं. रोज. चुकलं की दुरुस्त करून द्यायचे. कशासाठी आहे ते मलाही कळत होतं."

"मग राग आला का?"

"शेवटच्या दिवशी आला. लिफ्टमध्ये."

मी खिशातून रुमाल काढून दिला. भुसा डोळ्यांत जातो, असे ती म्हणाली. खरेच जातो, प्लायवूडचा तर फार.

चाचणी त्याच चौदा मजली इमारतीत, बाराव्या मजल्यावर ठरली. लिफ्ट अर्थात बंद होती. हर्षिता सबंध स्टँड पाठीवरच्या पिशवीत घालून चढली आणि कुठेही थांबली नाही. मी बऱ्याच ठिकाणी थांबलो. खोलीत गुळगुळीत इटालियन मार्बल बसले होते, त्यात आपला चेहरा दिसे. हर्षिताने नरसिंहरावांसमोर स्टँड जोडला, रिळे ओवली, पलीकडून गुरुराजने ओढायला सुरुवात केली. पाचही रिळे लोण्यासारखी फिरली. पीळ नाही, गुंता नाही. अभिजीत म्हणाला, "भावा, एक नंबर!" आणि प्रथमच तो हे मला उद्देशून म्हणत नव्हता.

मी खिडकीपाशी उभा होतो. काम चालू असताना मी उभा असल्याचा फर्मच्या इतिहासातला हा पहिला प्रसंग. हातांचे काय करायचे ते समजेना. पाठीमागे बांधले, तर दोन गवंडी मला बिल्डरचा माणूस समजून नमस्कार करून गेले. खाली सर्जापूर रोडवर गाड्या जिथल्या तिथे होत्या. त्यांच्यात बसलेल्या माणसांना कोणी काही म्हणत नव्हते. कावेरीला आज काय सांगायचे, हे मी मनात जुळवू लागलो. 'संपलं' म्हणावे, की 'झालं' म्हणावे? दोन्हींपैकी एकही शब्द तोंडात बसेना.

एवढ्यात पाइपाच्या वळणाशी वायर जरा अडली. गुरुराजने जोर लावला. आणि स्टँड निघाला.

पडला नाही, कलला नाही, एकही खाच सुटली नाही. उभाच्या उभा, रिळांसकट, मार्बलवरून सरकत तो भिंतीशी जाऊन टेकला, जणू गुरुराजला भेटायला निघाला होता आणि वाटेत भिंत आली. पुन्हा मागे आणला. पुन्हा गेला.

"खाली भोक पाडून बोल्ट मारू," गुरुराज म्हणाला.

"नो वे," अभिजीत ओरडला. "मार्बलला भोक पडलं तर बिल्डर मला भोक पाडेल."

पायांना रबर लावले; मग सरकेना, पण पुढे झुकून तोंडावर पडू लागला. सिमेंटची गोणी वर ठेवायची सूचना आली. गुरुराजने विचारले, "ती बारा मजले कोण आणणार? मग या खोलीतून त्या खोलीत कोण नेणार? एवढं ओझं वाहायचं तर हलका स्टँड कशाला?"

हर्षिता जमिनीवर बसली. "हलका आहे म्हणून हलतो," ती स्वतःशीच म्हणाली. "जड केला तर नेता येत नाही. असं वजन पाहिजे जे उचलावं लागणार नाही."

"स्वतःच जिना चढून येईल असं," अभिजीत म्हणाला. चेष्टेने.

"या खोलीतून त्या खोलीत आपलं आपण जाईल," गुरुराज म्हणाला.

"आणि संध्याकाळी आपलं आपण घरी जाईल," हर्षिता म्हणाली.

मोठ्या क्षणांचे लक्षण असे, की सर्वांची दृष्टी एकाच दिशेला वळते. मी मागे वळून पाहिले. माझ्या मागे फक्त खिडकी होती.

नरसिंहरावांनी घसा साफ केला. "भावजी, स्वल्प बसा ना."

"कुठं?"

"त्याच्यावर."

स्टँडच्या मागच्या पट्टीवर हर्षिताने एक फळी आडवी टाकली. मी बसलो. गुरुराजने ओढले. वळणातून वायर सुळकन गेली आणि स्टँड तसूभर हलला नाही. हर्षिताने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, सांधा पक्का बसलाय का ते पाहतात तसा, आणि तिथेच ठेवला. मला काय वाटले ते या लेखाच्या कक्षेत येत नाही. एवढेच नोंदवतो, की त्या दिवशी जेवणानंतरही मी डोळे मिटले नाहीत.

चौथा नमुना आसनासह निघाला. पाठ टेकायची पट्टी कावेरीच्या सूचनेवरून घातली, डबा अडकवायचा आकडाही तिचाच. माझ्या पदाला 'स्थैर्य विभाग प्रमुख' असे नाव मिळाले. नरसिंहराव आता सांगतात, की आसनाची कल्पना त्यांच्या मनात पहिल्यापासून होती. त्यांना खोटे पाडण्याइतका मी कधीच उभा नसतो.

खरी गंमत विक्रीत झाली. आनेकलला लहान कंत्राटदारांसाठी एक प्रदर्शन भरले होते. तिथे हर्षिताने दोन्ही प्रकार मांडले, बिनआसनी आणि आसनी. बिनआसनी स्टँड लोक हातात घेत, जोडत, सोडत, वाहवा म्हणत आणि ठेवून जात. मग देवव्रत नावाचे एक कंत्राटदार आले. त्यांनी आसनी स्टँडभोवती दोन फेऱ्या घातल्या, आजूबाजूला पाहिले, आणि आवाज खाली आणून विचारले, "आमच्या पार्टनरचा मुलगा आहे, विराट. त्याला चालेल का हा?"

"वजन कसं आहे?" हर्षिताने विचारले.

"वजन भरपूर आहे. बाकी काही नाही."

त्यांनी तिथल्या तिथे चार नोंदवले. (विराट एकच होता. पण साइटी चार होत्या आणि त्याला वाईट वाटायला नको.) मग रांग लागली. कोणाचा मामेभाऊ, कोणाचे निवृत्त साहेब, कोणाकडे वरून चिठ्ठी घेऊन आलेला माणूस. शंभरातल्या सत्त्याण्णव मागण्या आसनी स्टँडच्या आल्या. उरलेले तिघे आठवडाभरात बदलून घ्यायला आले, घरी जाऊन नीट पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आले होते. एकत्र कुटुंबांसाठी जोडआसनाची मागणी आहे. शहरातल्या एका मोठ्या कार्यालयाने डझनभर स्टँड हात टेकायच्या सोयीसह मागवले. तिथे वायरचे कसलेच काम चालत नाही, आम्ही विचारलेही नाही.

हर्षिताची आता स्वतःची कंपनी आहे. तिच्या जुन्या कंपनीने तिला परत बोलावले होते. त्या शोधाला रोज दुरुस्त करणारे कोणी राहिले नव्हते. ती गेली नाही. एक आसनी स्टँड मात्र भेट पाठवला. मी ठिकठिकाणी जाऊन नव्या नेमणुकांना शिकवतो: कसे बसावे, कधी मान हलवावी, कोणी घाम पुसत जवळून गेला तर चेहऱ्यावर काय ठेवावे. शिकणारे मन लावून शिकतात. चांगला माणूस मिळणे मात्र कठीण झाले आहे, कारण मागणी फार.

म्हणून तुमच्याविषयी थोडे. पहिल्या वाक्यापासून मी इकडून ओढतो आहे आणि तुम्ही तिकडे बसला आहात. मधे एकदाही उठला नाहीत. कशाला हात लावला नाहीत. गुरुराजला माझ्यामुळे शिव्या बसल्या तेव्हा हसलात, मी खिडकीपाशी उभा होतो तेव्हा थोडी कीव केलीत, म्हणजे योग्य वेळी चेहऱ्यावर योग्य ते आणणेही तुम्हाला जमते. सगळी वायर निघून गेली, तुमच्याकडून कुठे गुंता झाला नाही, आणि आता काहीतरी काम केल्यासारखे तुम्हाला वाटतही असेल.

आमच्या धंद्यात याला अनुभवी म्हणतात. पुढच्या आठवड्यात नवी साइट सुरू होते आहे. सतरा मजले, लिफ्ट अजून नाही. नाव, शिक्षण, पत्ता काही नको. फक्त वजन कळवा.